मिस वर्लीनचं पाण्यातलं वजन

आमच्या लॅबमधली पाण्याची टाकी काढून टाकली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या जागी एक लांबट टेबल आलं आहे. बाया अंगावरच्या कपड्यांनिशी त्यावर आडव्या होतात, वरून यंत्राचा हात सरकत जातो, आणि पडद्यावर चित्र उमटतं. चरबी एका रंगात, स्नायू दुसऱ्या रंगात, हाडं पांढरी. कुणाचे केस ओले होत नाहीत, कुणी घाबरत नाही, आणि बुडताना कुणी आमेन म्हणत नाही. यंत्र उत्तम आहे, त्याला नावं ठेवायला माझ्याकडे काही नाही. तरी त्या खोलीत शिरले की मला अजून क्लोरीनचा वास येतो आणि मिस वर्लीन ट्रिपलेट आठवतात.

लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॅरोलायनात, आदराने मिसच म्हणतात. मिस वर्लीन आमच्या शेजारच्या. सूतगिरणीच्या वस्तीत आमची दोन घरं पाठीला पाठ लावून होती. त्या कताईखात्यात कामाला होत्या, त्यांचे यजमान हॉईट माग दुरुस्त करायचे. रविवारच्या शाळेत त्यांनीच मला बायबल शिकवलं, आणि मला पाण्यात पूर्ण बुडवून माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा व्यासपीठाखालच्या हौदाच्या पायरीवर टॉवेल घेऊन त्याच उभ्या होत्या. मी थरथरत होते. त्यांनी खाली वाकून माझ्या कानात सांगितलं होतं, "नाकाची काळजी करू नकोस, पाळक रुमाल धरतील. तू फक्त श्वास आत कोंडून ठेव. डार्ला, ऐकतेस ना? श्वास सोडायचा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे आम्हाला चांगलंच महागात पडलं.

मिस वर्लीन मोठ्या हाडापेराच्या बाई होत्या. दर शरद ऋतूत चर्चच्या अंगणात चुलाणावर लोखंडी हंड्यात कोंबडीचा रस्सा शिजायचा. तो हंडा उतरवताना एका कडीला दोन डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, लागायचे आणि दुसऱ्या कडीला एकट्या मिस वर्लीन. डीकन एव्हरेट धापा टाकत म्हणायचे, "बाई, जरा दमानं," आणि त्या म्हणायच्या, "दम तुम्हाला लागलाय, मला नाही." त्यांच्या दंडांची वस्तीत चेष्टा व्हायची आणि भीतीही वाटायची. आमच्या वर्गातला एकही मुलगा त्यांच्यासमोर च्युइंगम चघळत नसे.

मग हॉईटना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, त्यातला खट्याळपणाही राहिला. रोज सकाळी मिस वर्लीन त्यांना पलंगावरून उचलून ओसरीवरच्या खुर्चीत नेऊन बसवायच्या. उचलण्याची त्यांची एक रीत होती. पलंगाच्या काठावर त्यांना बसतं करायचं, त्यांचा चांगला हात आपल्या गळ्यात टाकायचा, त्यांच्या पाठीमागे आपले हात गुंफायचे आणि एका झोकात उभं करायचं. मग दोघं तशीच, छातीला छाती लावून, छोटी छोटी पावलं टाकत दारापर्यंत जायची. आम्ही बाप्टिस्ट माणसं, आमच्यात नाच वर्ज्य. लग्नातसुद्धा आम्ही फळांचं पंच सरबत पिऊन आणि केक खाऊन घरी येतो. त्यामुळे हॉईट रोज न चुकता बायकोच्या कानात म्हणायचे, "पाळकांना सांगू नकोस हं." आणि त्या रोज म्हणायच्या, "तू पाय नीट टाक, मग बघू."

मी कुंपणाच्या अलीकडून हे कितीदा तरी ऐकलं आहे. लग्न म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मला तेवढंच सांगता येईल.

पण मिस वर्लीनचे गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, वजन कमी करा, नाहीतर एक दिवस हे गुडघे तुम्हाला खाली बसवतील. त्यांची मुलगी फिलिस शार्लटला असायची. ती फोनवर म्हणाली, "ममा, तुझे गुडघे गेले तर डॅडींना वृद्धांच्या होममध्येच ठेवावं लागेल." तेव्हा मी नुकतीच विद्यापीठाच्या लॅबमध्ये लागले होते. व्यायामशाळेच्या तळघरात डॉक्टर लेविट म्हणून बॉस्टनचे एक गृहस्थ साठी ओलांडलेल्या बायकांचं वजन उतरवत होते. मीच मिस वर्लीनना तिकडे घेऊन गेले.

डॉक्टर लेविटना एकच गोष्ट हवी होती. बाईचं वजन उतरलं की सगळे टाळ्या वाजवतात, पण उतरलं ते काय? काट्याला चरबी आणि मांस सारखंच. पाण्याला मात्र कळतं, कारण चरबी तरंगते आणि मांस बुडतं. म्हणून ती टाकी. तिच्यावर एक मोठा काटा टांगलेला, काट्याला खुर्ची. बाईने खुर्चीत बसायचं, वाकून पूर्ण पाण्याखाली जायचं, छातीतली सगळी हवा बाहेर सोडायची आणि काटा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. जी पाण्यात जास्त भरेल तिच्या अंगात मांस जास्त.

चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाने फक्त जेवण कमी करायचं, दुसऱ्याने जेवण कमी करून शिवाय लोखंड उचलायचं. मिस वर्लीनची चिठ्ठी फक्त जेवणाची निघाली. त्यांचा जीव भांड्यात पडला. "लोखंड उचलायला मी काय रेल्वेत कामाला आहे?" त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्या झालरीचा पोहण्याचा पोशाख घालून आल्या, वर घरचा गाऊन, आणि गाऊनवर त्यांची रविवारच्या शाळेची मानाची पिन. टाकीकडे बघून म्हणाल्या, "पाळकांशिवाय मला आजवर कुणी बुडवलेलं नाही."

"मी आहे ना टॉवेल घेऊन," मी म्हटलं.

त्या खाली गेल्या, आणि काटा जेमतेम हलला. डॉक्टर लेविट चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. या आकड्यावरून मिस वर्लीनच्या अंगात मांस जवळपास नव्हतंच. ज्या बाईने दोन डीकनांना घाम फोडला तिच्या अंगात! पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी वरून नीट पाहिलं. एकही बुडबुडा येत नव्हता. गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून त्या बसल्या होत्या.

त्या वर आल्यावर मी विचारलं, "मिस वर्लीन, श्वास सोडताय ना?"

"सोडू कशी? पाण्यात श्वास सोडायचा नसतो. मी तुला शिकवलंय, आणि तू मलाच विचारतेस?"

छातीत हवा असली की माणूस तरंगतं आणि टाकी त्या हवेला चरबी समजते. डॉक्टरांनी त्यांना हे तीनतीनदा समजावलं. त्यांना कळायचंही. पण डोकं पाण्याखाली गेलं की साठ वर्षांचं बाप्टिस्ट शरीर आपोआप कुलूप लावायचं. आमच्या भागातल्या निम्म्या बाया असंच करत होत्या, आणि बॉस्टनच्या माणसाला त्याचं कारण कळेना.

शेवटी मला त्यांचं गायनमंडळ आठवलं. मिस वर्लीन खालच्या पट्टीत गायच्या, आणि शेवटचं आमेन त्या इतकं लांबवायच्या की पेटी वाजवणाऱ्या बाई बोटं काढून त्यांच्याकडे बघत बसायच्या. मी म्हटलं, "खाली जाताना आमेन म्हणा. ईस्टरचं म्हणता तसं. संपेपर्यंत."

"पाण्यात?"

"देवाला पाण्यातलं ऐकू येत नाही की काय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं च्युइंगमवाल्या मुलांकडे बघायच्या. मग आमेन सुरू केलं, ते घेऊन खाली गेल्या, आणि टाकीभर बुडबुडे झाले. काटा खाली आला, आणखी खाली आला आणि थांबला. डॉक्टर लेविट आकड्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरे बापरे." मिस वर्लीनच्या अंगात भरपूर मांस होतं. त्यानंतर टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक बाप्टिस्ट बाईला मी आमेन म्हणायला लावलं. मेथॉडिस्ट बायांना त्याची गरज पडली नाही, त्यांच्यावर लहानपणी फक्त पाणी शिंपडतात.

वजन छान उतरू लागलं. मिस वर्लीननी सकाळची फुगलेली बिस्किटं आणि ग्रेव्ही सोडली, जेवणात सॅलडची पानं आणि टोस्टचा तुकडा उरला. चर्चमध्ये बाया त्यांना फिरवून फिरवून बघायच्या. "वर्लीन, तू तर अगदी पोरगी दिसायला लागलीस," असं कुणी म्हटलं की त्या लाजायच्या. त्यांना लाजताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गुडघेही शांत झाले. फक्त एक तक्रार होती.

"हॉईट जड झालाय," एक दिवस त्या मला कुंपणावरून म्हणाल्या. "माझ्या वाटणीची बिस्किटं तोच खातो बहुतेक."

"मी?" ओसरीवरून हॉईट ओरडले. "माझी विजार कमरेवर राहत नाही, आणि मी जड?"

आणि मग एका सकाळी त्या झोकात काही जोर राहिलाच नाही. हॉईट अर्धे उठले आणि दोघं पलंगाशेजारी जमिनीवर बसली. आधी दोघं हसली, हे मला हॉईटनीच सांगितलं. मग मिस वर्लीननी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि रडायला लागल्या. आमच्या घरातून माझे वडील मदतीला पोचेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती. फिलिसला कळायचं ते कळलंच. ती आली, गोड बोलली, आईचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "थँक्सगिव्हिंगपर्यंत बघू, ममा. नाहीच जमलं तर मग डॅडींची सोय करू." फिलिस वाईट नव्हती. पण सोय हा शब्द ऐकून हॉईटनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ते मला अजून दिसतं.

त्याच आठवड्यात मिस वर्लीनची टाकीची पाळी होती. आमेन म्हणून त्या खाली गेल्या, वर आल्या, टॉवेल गुंडाळून बसल्या. खरं म्हणजे प्रयोग संपेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असा नियम होता. त्यांनी सरळ डॉक्टर लेविटना विचारलं.

"डॉक्टर, माझं काय गेलं ते मला सांगा."

डॉक्टरांनी आकडा बघितला, मग त्यांचा चेहरा बघितला आणि दार लावून घेतलं. "तीन पौंड गेले असतील तर त्यातला एक मांसाचा, मिसेस ट्रिपलेट."

"म्हणजे हॉईट जड झालेला नाही."

"नाही. तुम्ही हलक्या झालात, पण नको तिथून."

मिस वर्लीन आपल्या दंडाकडे बघत राहिल्या. कातडी सैल पडली होती. "परत येतं का ते?"

"लोखंड उचलणाऱ्या गटाकडे पाहून येईल असं वाटतं. खात्रीने आज नाही सांगू शकत."

"मग मला त्या गटात टाका."

"चिठ्ठी निघाल्यावर तसं करता येत नाही. प्रत्येकीने मनासारखा गट घेतला तर मोजण्याला अर्थच राहत नाही."

यावर त्या रागावल्या नाहीत. गिरणीत आयुष्य गेलं होतं, मध्येच सूत बदललं की कापडाचा अख्खा तागा वाया जातो हे त्यांना माहीत होतं. "खरंय तुमचं," त्या म्हणाल्या. "मग मला यातून मोकळं करा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही गेलात तर माझा एक आकडा जातो, मिसेस ट्रिपलेट."

"तुमचा आकडा जातो, डॉक्टर. माझा नवरा जातो."

डॉक्टर लेविटनी यादीतलं त्यांचं नाव खोडलं. मग म्हणाले, "अंडी खा. बीन्स खा. आणि जे उचलाल ते थोडं थोडं वाढवत न्या. टाकी शुक्रवारी मोकळी असते, वाटेल तेव्हा या." उत्तरेकडचा यांकी माणूस, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याविरुद्ध कुणाला बोलू दिलं नाही.

मिस वर्लीननी लोखंड उचललं ते आमच्या व्यायामशाळेतलं नाही. तिथे पोरं उघडी फिरतात म्हणून त्या पायसुद्धा ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनी चर्चच्या स्वयंपाकघरातून रश्श्याच्या हंड्यांतला सगळ्यात लहान मागून आणला आणि मागच्या अंगणात ठेवला. आधी रिकामा उचलायच्या, जमिनीवरून कमरेपर्यंत, आणि पुन्हा खाली. तो जमू लागला की त्यात तांब्याभर पाणी ओतायच्या. ते जमलं की आणखी तांब्याभर. हॉईट ओसरीवरून मुकादमगिरी करायचे.

"पाठ वाकवू नकोस. गुडघ्यातून."

"गुडघे माझे आहेत, हॉईट."

"हंडा चर्चचा आहे. आपटू नकोस."

तोवर सकाळी हॉईटना उचलायला डीकन आळीपाळीने यायचे. डीकन एव्हरेटच्या अंगाला छातीला चोळायच्या मलमाचा वास यायचा आणि ते उचलताना मोठ्याने प्रार्थना म्हणायचे. हॉईट मला म्हणाले, "डार्ला, एव्हरेटच्या गळ्यात हात टाकण्यापेक्षा मी झोपून राहीन." आणि एक-दोनदा खरंच राहिले, संध्याकाळपर्यंत.

चर्चमधल्या बायांच्या नजरेतून काही सुटलं नाही. "वर्लीन, पुन्हा जरा भरलीस गं," असं कुणीतरी म्हणालं. त्याच बाईने त्यांना पोरगी म्हटलं होतं. मिस वर्लीन म्हणाल्या, "हो, आणि कशाने भरले ते तू विचार टाकीला." त्या बाईला काही कळलं नाही. मी मात्र गाण्याच्या वहीत तोंड घालून हसले.

पानं गळली. चर्चचा रस्सा झाला, मोठा हंडा उतरवायची वेळ आली तेव्हा मिस वर्लीननी एक कडी धरली आणि पुन्हा दुसरीकडे दोन डीकन लागले. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी फिलिसची गाडी अंगणात शिरली. मी रताळ्याचा पाई, म्हणजे सणाचा गोड पदार्थ, द्यायला मागच्या दाराशी गेले होते, फिलिसही तिकडूनच आली. फिलिसने दार ढकललं आणि थबकली, तिच्यामागे मी. आतल्या खोलीतून दोघं येत होती, छातीला छाती लावून, छोटी छोटी पावलं टाकत. हॉईटची हनुवटी बायकोच्या खांद्यावर होती. आम्हाला बघून ते म्हणाले, "फिलिस, पाळकांना सांगू नकोस हं." फिलिसने हातातली टर्की जमिनीवर ठेवली आणि रडू लागली. सोय हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या टाकीत आल्या. वजन थोडं वाढलं होतं, आणि वाढलेलं बहुतेक सगळं मांस होतं. डॉक्टर लेविटना तो आकडा कुठे वापरता येणार नव्हता, तरी त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. टाकीची शिडी चढून वर येताना मी हात पुढे केला तर मिस वर्लीननी तो बाजूला सारला. "मी काय म्हातारी आहे?" म्हणाल्या.

त्यानंतर पुष्कळ वर्षं रोज सकाळी मी कुंपणापलीकडून ते बोलणं ऐकलं. मग एका हिवाळ्यात हॉईट झोपेतच गेले, आपल्या पलंगावर, आपल्या घरात. मिस वर्लीननी कुणासमोर फार रडारड केली नाही. शवपेटी उचलायला चर्चमधले पुरुष पुढे आले, तेव्हा त्या एकदा नकळत पुढे सरकल्या, मग थांबल्या. ते फक्त मी पाहिलं.

नवं यंत्र येणार आणि टाकी निघणार असं ठरलं, तेव्हा मी त्यांना फोन केला. त्या आल्या, तोच झालरीचा पोशाख घालून. आधी कोरड्या काट्यावर उभ्या राहिल्या. काटा बरोबर त्या थँक्सगिव्हिंगच्या आकड्यावर थांबला. त्यांना फार बरं वाटलं. "बघ, जिथल्या तिथे. फिलिस उगाच म्हणते मी वाळले."

मग आमेन म्हणत त्या खाली गेल्या. आमेन पूर्वीपेक्षा आखूड होतं, पण प्रामाणिक होतं. काटा खाली यायला लागला आणि मध्येच थांबला. मी वाट पाहिली. तो पुढे गेला नाही.

त्या वर आल्या, डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "काय गं? सांग की."

"वजन तेवढंच आहे," मी म्हटलं. "पण मांस बरंच गेलंय. त्याच्या जागी चरबी आलीय."

"कुठून गेलं?"

"ते टाकीला सांगता येत नाही, मिस वर्लीन."

"मला येतं," त्या म्हणाल्या. त्यांनी पाण्यातच आपले दोन्ही हात पुढे केले आणि कुणाच्या तरी पाठीमागे गुंफावेत तसे गुंफले. "इथून. इथे हॉईट असायचा. तो गेला तेव्हा मला वाटलं होतं तो एकटाच गेला."

मला त्या दोघांची फार आठवण आली, आणि त्यातल्या एक तर माझ्यासमोरच बसल्या होत्या. मग त्या शिडीकडे गेल्या, एक पायरी चढल्या, आणि तिथेच अडकल्या. हात दांड्यावर होते पण वर ओढत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी माझा हात त्यांनी बाजूला सारला नाही.

मी कपड्यांनिशी टाकीत उतरले. त्यांचे ओले हात माझ्या गळ्यात टाकले, पाठीमागे माझे हात गुंफले, जसं कुंपणापलीकडे आयुष्यभर पाहिलं होतं तसं. "चला," मी म्हटलं. "पाय नीट टाका."

त्यांनी हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली. "डार्ला," त्या कानात म्हणाल्या, "पाळकांना सांगू नकोस हं."

मी त्यांना एका झोकात उचललं. त्या चांगल्याच जड होत्या.